चतुःसीमा

रजिस्ट्रार कचेरीसमोर, पत्र्याखाली,
एकोणतीस वर्षं मी चतुःसीमा टाईप करतोय.
आधी असायचं: पूर्वेस वहाळ,
पश्चिमेस दत्ताराम शिवलकरांचा गडगा,
दक्षिणेस पायवाट, उत्तरेस रायवळ आंबा.
आंब्याचं नावसुद्धा लिहायचो,
उगाच पुढं भांडण नको.

आता पक्षकार दिशा वाचतच नाही.
विचारतो, नाक्यापासून किती?

चालत चार मिनिटं: खाली बँक,
वर वकील, सीए, दातांचा डॉक्टर,
रात्री आठनंतर त्या इमारतीत
वस्तीला फक्त लिफ्टचा दिवा.
नऊ मिनिटं: वन बीएचके,
गॅलरीतल्या ओल्या गणवेशांवरून
शाळा किती जवळ ते कळतं.
चौदा मिनिटं, पण चढ.
चढावर भाव उतरतो.
आणि बंदराची बाजू असेल तर
दुपारच्या वाऱ्याला सुक्या मासळीचा वास,
त्याचे चौरस फुटाला दोनशे कमी;
तोच वारा सातव्या मजल्यावर
‘सी-फेसिंग’ होतो, चारशे जास्त.
बिल्डर विचारे हे सांगताना हसलासुद्धा नाही.

मंगळवारी सकीना वस्ता आली,
बापाचे पाच गुंठे, नाक्याला लागून.
म्हणाली, आम्ही कुठं हललो ओ?
नाकाच चालत आला आमच्या दारात.
त्या पैशात तिला पुलापलीकडे
दोन खोल्या जास्तच मिळाल्या.
सही करताना थांबली.
विहीर लिहा, म्हणाली.
विचारेचा माणूस म्हणाला, तिथं पार्किंग येतंय,
लिहून काय करायचंय?
मी लिहिलं. पान सहा, खालून तिसरी ओळ:
सदर मिळकतीत गोड्या पाण्याची विहीर आहे.
‘आहे’ वर त्याने बोट ठेवलं,
मग घड्याळ बघितलं, आणि अंगठा दिला.

कचेरी आता स्टेशनकडे जाणार म्हणतात.
चहावाल्यानं तिकडचा गाळा विचारून ठेवलाय,
वकिलांच्या पाट्या एकेक करून उतरतायत.
मी आपला पत्रा मोजला, आठ बाय सहा.

त्या बाजूलाच माझं घर,
इकडं परवडेना म्हणून तेव्हा बांधलेलं;
दोन एसटी बदलून यायचो.
काल संध्याकाळी दारात एक गाडी थांबली.
काच खाली करून विचारलं,
काका, नव्या कचेरीपासून किती पडेल हे?

मी म्हटलं,
पूर्वेला अजून वहाळ आहे.