खाल्ल्या मिठाला

तीस वर्षं मी मासे मुरवते.
सोंगक्राम नदीचा पूर ओसरला की
बोटाएवढे चंदेरी मासे, भाताचा कोंडा,
आणि मीठ. हाताला कळेल तेवढं. मोजून कधीच नाही.
वर्षभर रांजण बंद. मग बाजारात लोक विचारतात,
बुआलीचा प्लारा आला का?

खाम्फायच्या लघवीला फेस यायचा.
आम्ही म्हटलं, ऊन बाधलं.
घोटे सुजले. म्हटलं, वय झालं.
पाठीसाठी तो दुकानातल्या पुड्या घ्यायचा, दिवसाला तीन,
आणि साखर तर दहा वर्षांपूर्वी पाहुणी म्हणून आलेली,
जायचं नाव घेईना.

आमच्या मुलीच्या वयाची डॉक्टर.
तिनं कागदावर घेवड्याच्या दोन बिया काढल्या,
आत टिंबंच टिंबं. या चाळण्या, म्हणाली, लाखो.
साखरेनं आणि रक्तदाबानं त्या फाटल्या.
राहायचं ते वाहून गेलं, जायचं ते साचून राहिलं.
मी विचारलं, आणि मीठ?
ती थांबली. मीठही, म्हणाली. एकटं नाही.
ते ‘एकटं नाही’ मी रुमालात बांधून घरी आणलं.
अजून सोडलेलं नाही.

आता महिन्याला ट्रक येतो, खोकी उतरवतो.
भाताच्या कणगीशेजारी पाण्याची भिंत.
पिशवी खिळ्याला, कॅलेंडरच्या बाजूला;
नळी पोटात. पोटाचं अस्तरच आता चाळणी.
जुनं पाणी खाली, नवं आत, दिवसातून चार वेळा.
हात धुवायचे कोपरापर्यंत. पंखा बंद. कोंबड्या बाहेर.
पोती जोखायच्या काट्यावर रोज पहाटे तो उभा राहतो,
आणि मी पोत्यासारखंच ओरडून सांगते: साडेअठ्ठावन्न!
वाढलं तर हिरव्या पट्टीची पिशवी, नाहीतर पिवळी.

शेजारचा थोंगमी शहरात मशीनवर जातो.
त्याला केळं बंद. ह्याला म्हणतात, केळं खा, अंड्याचा पांढरा बलक खा.
दोघे कुंपणावरून एकमेकांच्या ताटात बघत भांडतात.
मुलगा रयोंगहून फोन करतो, बाबा, माझी एक घ्या.
हा मोटरसायकलच्या टायरबद्दल बोलू लागतो.

निघालेल्या पिशवीमागे लॉटरीचं तिकीट धरायचं, ही ह्याची रीत.
आकडे वाचता आले, तर पाणी चांगलं.
चैत्रातल्या एका पहाटे सहातला एकही आकडा दिसला नाही,
तांदळाच्या धुवणासारखं गढूळ,
आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं.
पिकअपमध्ये चाळीस किलोमीटर, ती पिशवी माझ्या मांडीवर,
अजून कोमट. नर्स रत्तिया म्हणाली, आणलीत ते बरं केलंत.
दोन आठवडे औषध पाण्यातूनच आत गेलं.

काल तिकीट पुन्हा स्पष्ट दिसलं.
नंबर लागला नाही. तो हसला, मग चिडला,
चाळीस बाथ गेले म्हणून.

रांजण मी आता मागच्या पडवीत हलवलेत,
त्याच्यासाठी वेगळं भांडं, वेगळा डाव.
संध्याकाळी तिसरी पिशवी लावताना तो म्हणतो,
झाकण तरी उघड जरा.
मी उघडते.
वासात मीठ नसतं, एवढं मी डॉक्टरला विचारून घेतलंय.