अर्धी टाकी

हेल्मेट होतं.
शेडमधल्या खिळ्याला, टोपलीसारखं उलटं,
आणि त्यात सहा अंडी,
रोडेलनं सकाळीच वेचून ठेवलेली.
एकही फुटलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, क्रमानं सांगा, परातेनेबाई.
क्रम माझ्या हातात राहत नाही.

उतार आमचा. वडिलांचा, मग माझा.
नदीकडं कलणारं रान,
जिथं गॉर्सची काटेरी झुडपं
दरसाल जाळली तरी दरसाल पिवळी होतात.
क्वाड बाईकच्या मागं औषधाची टाकी,
फवारून फवारून अर्धी झालेली.
भरली टाकी गप्प बसते.
अर्धी मात्र वळणावर
चाकांच्या आधी वळते, माणसाच्या आधी,
सगळं पाणी एका कुशीला.

हे मला ठाऊक होतं.
त्याला सांगितलं नव्हतं.
ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा.

पाचला मी शीळ घातली, कुत्री आली नाही.
मेग शीळ कधी चुकवत नाही.
वर गेलो तर ती त्याच्या बुटावर हनुवटी टेकून,
आणि तो गाडीखाली, कमरेपर्यंत,
जणू काही दुरुस्त करायला शिरलाय.
तीनशे किलो.
दोघं असते तर उचलली असती.
दोनपासून तो एकटाच होता.

डोळे उघडून पहिलं काय बोलला, ते लिहायचंय?
"बॉस, बाईक मोडली का?
पगारातून कापू नका,
या महिन्यात इलोइलोला छप्पर घालायचंय."

मी काय बोललो ते आठवत नाही.
आठवतं, पण सांगत नाही.

आता इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात
तो नर्सला गाईंची नावं शिकवतो.
पाय हलतो. डावा. थोडा.

आणि हो, गाडीवर बसवायची ती संरक्षक कमान,
तुम्ही विचारलीत ती,
होती. खोक्यात. शेडच्या मागं,
मार्चपासून, पावती चिकटवलेली.
काल रात्री बसवली.
चार बोल्ट.
घड्याळ लावून मोजलं मी: वीस मिनिटं,
त्यातली पाच पाना शोधण्यात.

त्या उतारावर आता कुणी जात नाही.
गॉर्स फुललाय.
फुलू दे.