नवमी की दशमी

अंग गरम होतं, म्हणून आम्हाला बोलावलं.
वडणग्याच्या पुढं, उसाच्या मधोमध गुऱ्हाळ,
पाच वाजून सव्वीस मिनिटं, मार्गशीर्षातला गारठा,
आणि चुलवाणाच्या तोंडाशी, पोत्यावर,
हिंदुराव चौगले, वय एकसष्ट, जळव्या.

"बगा की, गरम हायत अजून," आक्काताई म्हणाल्या.

गरम होते.
पण ती ऊब त्यांची नव्हती,
रात्री जळलेल्या चिपाडाची होती.
जबडा हलवून पाहिला, हलला नाही.
मानेवर दोन बोटं ठेवली मिनिटभर,
मग उगाचच आणखी एक मिनिट.
पाठीकडं रंग उतरला होता, जांभळा,
त्यात पोत्याची वीण पांढरी उमटलेली.
इलाहीला तर दारातूनच कळलं होतं,
इंजिन चालू ठेवून त्यानं टोपी काढली.

मला माहीत होतं.
पण तो शब्द माझ्याकडं नसतो.
अकरा वर्षं झाली या गाडीवर.
सुई आहे, नळी आहे, सिलिंडर आहे,
पट्ट्यांचं स्ट्रेचर आहे, तो शब्द नाही.
तो डॉक्टरांच्या पेनात असतो.
माझ्या कागदावर त्याचा रकानाच छापलेला नाही.
मी लिहितो:
नाडी लागत नाही. प्रतिसाद नाही.
पुढील उपचारार्थ रवाना.

उपचारार्थ.

"नेऊया," म्हणालो.
आणि त्या एका शब्दावर
आख्खं गुऱ्हाळ कामाला लागलं,
कुणी उशी आणली, कुणी आधारकार्ड,
कुणीतरी गुळाचा खडासुद्धा दिला, शुद्धीवर आले तर असावा म्हणून.

आमच्या गावात दवाखान्याचं नाव सीपीआर,
आणि छातीवर दाब देतात त्यालाही सीपीआर.
सीपीआर देत सीपीआरला न्यायचं,
नवीन पोरं हसतात हे सांगितलं की.
महिन्याभरानं हसत नाहीत.

शिवाजी पुलावर आक्काताई म्हणाल्या,
"दमलासा. ऱ्हाऊ द्या आता."
"मला थांबता येत नाही, आक्का."
"व्हय, पर त्येंच्या बरगड्या मोडायल्यात.
मला ऐकू यायलंय."

सायरन चालू होता, तरी त्यांना ऐकू येत होतं.
मग मी हात छातीवर तसेच ठेवले.
नुसते ठेवले, गंगावेशीपर्यंत, तिथून दारापर्यंत.
हे मी कुठं लिहिलेलं नाही.

डॉक्टर माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान,
रात्रपाळीनं डोळे तांबारलेले.
त्यानं बॅटरी मारली, स्टेथोस्कोप टेकवला,
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.
सहा वाजून सात मिनिटं.
तेव्हा हिंदुराव चौगले वारले.
आक्काताईंच्या एकाच पायात चप्पल होती.
खडा माझ्याच खिशात राहिला.

पुढल्या वर्षी, कार्तिक संपता संपता, फोन आला.
नंबर कुठनं मिळवला कुणास ठाऊक.
"वर्षाचं करायचं हाय. भटजी म्हणत्यात,
त्या राती चारला तिथी पालटली.
कागदापरमाणं दशमी येती.
तुमी हात लावून बगितलंय. खरं सांगा."

गाडी कावळा नाक्याला उभी होती,
इलाही काच पुसत होता.
आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वेळ विचारत होतं.
पोत्याची वीण आठवली. जबडा आठवला.
"दोन," म्हणालो. "फार तर अडीच."

"म्हंजी नवमी."

"नवमी, आक्का."

थोडा वेळ नुसता श्वास.
"शेवटचं आदण दीडला उतारलं हुतं," त्या म्हणाल्या,
"मग बिडी वडत बसलं. मी वाईच आडवी झाले.
सकाळी पोतं उचाललं तर
खाली अर्धी बिडी हुती."

आणि मग, माझी सही घेतल्यासारखं:
"नवमी धरते."

इलाहीनं फडकं पिळलं.
पुढचा कॉल उजळाईवाडीचा होता,
पायऱ्यांवरून पडलेली बाई, शुद्धीत,
पत्ता स्वतः सांगत होती.