खालच्या बाजूचं नाव

बंदूक आधी पालथी घालायची.
नाव वर कधीच नसतं.
वर असते मिरवायची बाजू: पितळेचा घोडा,
नळीवर रुप्याचा बगळा, एक पाय झिजलेला.
लोक बगळ्याचेच फोटो काढतात.

आज कानबारा तोमेकिची आलेत, वय ब्याऐंशी,
डोंगरातल्या गावाहून, दोन बस बदलून,
गादीच्या जुन्या खोळीत बंदूक गुंडाळून.
कुणी विचारलंच तर सांगायचं होतं, मासे धरायचा गळ आहे.
कुणी विचारलं नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलेलं.

शिक्षण मंडळाचं सभागृह. रॉकेलचा हीटर.
खिडकीच्या निम्म्यापर्यंत निइगाताचं बर्फ.
लाकूड आणि नळी यांना बांधणाऱ्या बांबूच्या तीन खुंट्या;
दोन निघाल्या, तिसरी हटून बसली.
“आमच्याकडे कुणी काही उघडून बघत नाही,”
तोमेकिची म्हणाले, आणि गोष्ट सुरू केली:
खापरपणजोबा यासोहाची,
त्यांचा उजवा डोळा अस्वलानं नेला.
दर नव्या वर्षी जेवणाबरोबर ते अस्वल वाढलं जातं.
“मी लहान होतो तेव्हा ते बैलाएवढं होतं.
आता कोठारात मावत नाही.”

खुंटी निघाली.
तारेचा ब्रश नाही, तेल नाही.
चिमूटभर तालक बोटानं चोळायचं,
दिवा आडवा धरायचा, श्वास बाजूला सोडायचा.
अक्षरं वर आली, गाळातून गोगलगाई याव्यात तशी:
मुक्काम साकाई.
मग घडवणाऱ्याचं नाव, त्याचं शेवटचं अक्षर गंजानं खाल्लेलं.
इसोगाई-सान म्हणतात,
दिसत नाही तिथं रिकामा चौकोन काढ,
अंदाज घरी जाऊन करायचा.
मी चौकोन काढला.
बगलेत ठोकलेला ठसा: जल-वानराचं वर्ष, एक हजार सातशे बारा.
नव्या सरकारनं घरोघरच्या बंदुका मोजल्या, तेव्हाचा.

हे सगळं लोखंडावरचं.
लाकूड मी सवयीनं उलटलं.
नळी जिथं निजते त्या खोबणीत
काजळीसारखी शाई, घाईचं अक्षर.
समजायच्या आधीच मी मोठ्यानं वाचायला लागले:

“मागचा पेच नवा बसवला.
जुना उडून गेला होता.
दारू अर्धीच भरावी.”

मी थांबले.
“पुढं?” तोमेकिची म्हणाले.

“धन्याचा डोळा लवकर
...होवो.
शिबाताचा चोबेई.”

हीटर टकटक करत राहिला.
रांगेतल्या कुणीतरी उगाच खोकून घेतलं.
तोमेकिचींनी हात उचलला, उजव्या पापणीवर ठेवला,
जणू आतलं काही जागेवर आहे ना, एवढंच बघायला.
“उघडल्याशिवाय दिसणार नाही
अशा जागी ताकीद लिहितो,
हा कसला माणूस?”

इसोगाई-सान फूटपट्टी पुसत होते.
“ज्याला यासोहाचींना
चारचौघांत लाजवायचं नव्हतं, असा.”

दाखल्यावर रकाने ठरलेले:
लांबी, नळीचं तोंड, कोरीव लेख.
“हे लाकडावरचं लिहिणार?”
“कोरीव म्हणजे लोखंडावरचं,” इसोगाई-सान म्हणाले,
आणि शिक्का मारला.

खुंट्या त्यांनी स्वतःच बसवल्या, अंगठ्यानं दाबून.
तिसरी पूर्ण आत गेली नाही.
राहू दे, म्हणाले.
खोळीची गाठ मारताना
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग दारातून, बुटांत पाय घालता घालता,
“सुनेला काय सांगू?
यंदा अस्वल जरा लहान करावं लागेल.”

बस चार वाजून दहाची.
बर्फात त्यांच्या पावलांचे खड्डे,
शेजारी खोळीचं टोक घासल्याची एक रेघ.

मी माझ्या वहीत चोबेईची शाई उतरवून घेतली.
“लवकर” आणि “होवो” यांच्यामध्ये
एक अक्षर होतं, लाकडाच्या गाठीवर फुटलेलं.
“बरा” असावं. पण तिथं ते दिसत नाही.