पावणेदोन मीटर

ऋताच्या वाकडच्या फ्लॅटचे पडदे झाले
आणि पडदेवाल्यानं उरलेलं कापड परत दिलं,
घडी घालून, पावतीसकट.
पावणेदोन मीटर.
केळीची पानं, एकेक ताटाएवढं,
आणि त्यांतून निघालेले नारिंगी बगळे,
गुडघे उंच उचलत,
पर्वतीच्या शेवटच्या पायऱ्या चढल्यासारखे.

हेमलता म्हणाली, उशांचे अभ्रे होतील.
मी म्हणालो, शर्ट.
कुणाला?
मला.
तिनं चष्मा काढला.
चष्म्याशिवाय तिला दिसत नाही,
तरी बराच वेळ बघत राहिली.

एकतीस वर्षं भोसरीत ड्रॉइंग काढली मी.
पंप, पंपांची झाकणं, झाकणांचे बोल्ट.
कंपनीचा शर्ट राखाडी, घरचे तीन आकाशी,
लग्नाकार्याला एक क्रीम, त्याची कॉलर दोनदा उलटवलेली.
माळ्यावर ट्रेसिंग पेपर होता अजून.
एक आकाशी उसवला आणि त्याचं ड्रॉइंग केलं:
पाठ, पुढचे दोन भाग, मुंढा, बाही,
सगळी मापं मिलिमीटरमध्ये.

हेमलताचा उजवा खांदा मार्गशीर्षापासून आखडलाय.
मशीनवर बसवत नाही,
म्हणून ती पलंगावरून शिवते.
पायडल मी मारतो.

"आधी पन्हा बघा.
धुवून घ्या, आटेल.
आणि माया सोडा."
किती?
"बोटभर."
कुणाचं बोट?
तिनं आपलं पुढं केलं.
मी पट्टी लावली. सोळा मिलिमीटर.
ऑफिसात आम्ही ह्याला दुसरं काहीतरी म्हणायचो,
ते आता आठवत नाही.

कापड जाड. दोन सुया मोडल्या.
कात्री अर्ध्यावर गेल्यावर कळलं,
नक्षी जुळवायला कापडच नाही.
डाव्या बाजूला बगळ्याचं डोकं,
उजव्या बाजूला बाकीचा बगळा,
बटण लावलं की डोकं मानेच्या चार बोटं खाली.
पाठीवर एक सबंध आला खरा,
पण उलटा, पाय आभाळाकडे.
मी उसवायला ब्लेड घेतलं.
"राहू द्या," ती म्हणाली,
"पडद्यात नुसते चालतच होते."

बोहरी आळीत बटणं दाखवता दाखवता
पोरानं विचारलं, काका, शाळेचं गॅदरिंग का?
हो, म्हणालो.
कितवीत आहे?
तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, बरं झालं.
सात नारिंगी घेतली. सहा लावायला,
एक हरवायला.

काजं मात्र तिनंच केली.
कोपर उशीवर टेकवून, दिवसाला एक.
सोमवारी सुरू केलं, शनिवारी सहावं झालं.
दोरा दातानं तोडला आणि शर्ट माझ्या अंगावर फेकला,
त्याच खांद्यानं.

रविवारी सोसायटीची सभा, खाली पार्किंगमध्ये.
ढमढेरे टाकीच्या गळतीवर बोलत होते, ते थांबले.
सगळे बगळ्यांकडे बघत होते, बगळे टाकीकडे.
कुणी काही म्हणालं नाही.
पुण्यात कुणी काही म्हणालं नाही
की समजावं, घरी जाऊन म्हणणार आहेत.
मी दुसऱ्या रांगेत बसलो. कधी नव्हे ते.
नेहमी जिन्याजवळ असतो.

ठराव आला. हात वर केला,
पुरता वर,
आणि काखेत टर्र झालं.

घरी आलो ते कोपर अंगाशी दाबून.
"मुंढ्याला माया ठेवली होती ना?"
ठेवली होती.
"मग काढा शर्ट."

सुई मी ओवली, तिला दिसत नाही.
टाके तिनं घातले, मला जमत नाहीत इतके बारीक.
गॅलरीतून ढमढेऱ्यांचा आवाज येत होता अजून.
टाकीबद्दल असावा.