पुढचा चिमटा

चामरलेण्यांमागच्या उतारावर, चौथ्या दगडाला
जुना चिमटा खाली बसला तो वर आलाच नाही.
सील फुटलं, तेल पायावर.
सोमवारभर मनगटं बधिर.
सातपूरला पहिल्या पाळीत व्हर्नियर धरला
तेव्हा काटा थरथरतोय की मी, कळेना.

म्हणून शनिवारी भद्रकालीत, अन्वर कोकणींकडे.
दुकान कसलं, जिन्याखालची फट.
भिंतीवर तीन चिमटे
वटवाघळांसारखे उलटे.

"वजन?"
मी सांगितलं ते लग्नातलं.
ते हसले नाहीत. शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर
मला, हेल्मेटला आणि भरलेल्या बाटलीला
एकत्र उभं केलं.
एकाहत्तर किलो आठशे.
रद्दीवाला म्हणाला, आज चौदाचा भाव आहे, ताई.

पहिला हवेचा. सव्वीस हजार.
आपल्या वजनापुरती हवा भरायची, बाकी तो बघतो.
पुतण्या जुनैद म्हणाला, एकशेवीसचा आहे,
कसलाही दगड गिळेल.
"दगड गिळेल," अन्वरभाई पान्यावरची नजर न काढता,
"पण चौकट शंभराच्या मापानं जोडलेली.
वीस वाढवलेस तर घोडं चढावर तोंड वर करील."
जुनैदनं तो परत टांगला, पण हळू,
पुसून.

दुसरा वापरलेला. पिंपळगावच्या बागायतदाराच्या मुलाचा.
मुलगा कॅनडाला गेला, चिमटा भद्रकालीत आला.
सोनेरी नळ्या, अर्धी किंमत.
मी डोळे मिटून नळीवर नख फिरवलं.
अठरा वर्षं हेच करते:
दांडे येतात, नख फिरतं,
अडलं की लाल खडू.

अडलं.
डाव्या नळीला, सीलच्या वर दोन बोटं.
जुनैदला दिसेना.
अन्वरभाईंनी चष्मा काढला, स्वतःचं नख फिरवलं,
मग एक शब्द न बोलता
चिमटा आतल्या खिळ्याला लावला,
जिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही.

उरला काळा. स्प्रिंगचा, शंभर मिलिमीटर,
साडेनऊ हजार, आणि उचलला की खांदा सांगतो.
जुनैदनं तोंड वाकडं केलं.
मला तोच हवा.
हवा गुपचूप निघून जाते,
स्प्रिंग बिघडली तर करकरते.
बोलून दाखवणाऱ्यांशी माझं जमतं.

नळी कापायच्या आधी मी दोनदा मोजलं,
करवत लागल्यावर थांबवून तिसऱ्यांदा.
"बाई, तुम्ही स्वयंपाकात मीठ पण मोजता का?"
मोजत नाही. पण मीठ कमी पडलं तर घालता येतं.

"आता नुसत्या बसा. पेडल मारू नका."
मी बसले. चिमटा माझ्याखाली
दोन बोटं खचला.
मी घाबरून उतरले.
"खचायलाच पाहिजे," ते म्हणाले,
"आधीच थोडा खचलेला असतो, म्हणून तर
खड्डा आला की चाक खड्ड्यात उतरतं.
ताठ असला तर वरूनच उडेल,
आणि तुम्ही त्याच्या पुढे."
खालचं लाल बटण त्यांनी तीन टिचक्या फिरवलं:
किती वेगानं वर यायचं ते.
मला कासव हवं होतं. त्यांनी कासवाच्या जरा अलीकडे ठेवलं.

रविवारी साडेसहा. थंडीनं कान लाल.
नळीला वायर बांधायची पट्टी गुंडाळली,
जिथवर दबेल तिथवर ती सरकणार, तिथेच राहणार.
पहिला, दुसरा, तिसरा दगड.
चौथ्याला दात आवळले, आणि
काही झालं नाही.
म्हणजे झालं, पण खाली, माझ्या हातांच्या बरंच खाली.

पायथ्याशी गुडघ्यावर बसून व्हर्नियर लावला.
ब्याऐंशी.
अठरा शिल्लक.
पुन्हा लावला. ब्याऐंशीच.
गजपंथाच्या पायऱ्या उतरून आलेले
मफलर गुंडाळलेले एक आजोबा थांबले,
"पंक्चर?"

"नाही," मी म्हटलं, "मोजतेय."
ते वाकून बराच वेळ बघत राहिले,
जणू त्यांनाही आकडा सांगायचा आहे.