आधी बंद, मग सोड

चिप्रेच्या उतारावर परवा
लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला.
गाडी थांबली ती ब्रेकने नव्हे,
दोन्या फानीच्या मक्याच्या पोत्यांनी.
पिकल्या पेरूसारखा लिव्हर, दाबाल तेवढा आत.
पाइपात हवा शिरलेली.

गॅरेजवाला चाळीस हजार पेसो मागतो.
माझ्याकडे आठ नंबरचा पाना आहे,
डॉट-फोरची सीलबंद बाटली,
आग्वार्दिएन्तेची रिकामी बाटली,
आणि शेजारच्या येर्सोनच्या माशांच्या टाकीतून
संध्याकाळपर्यंत उसनी आणलेली
हातभर पारदर्शक नळी.
अडचण एवढीच, लिव्हर वर, निपल खाली,
आणि माणसाचे हात असतात तेवढेच लांब असतात.

टाकीला गाल चिकटवून
एका हाताच्या दोन बोटांनी लिव्हर ओढते,
दुसऱ्याने पाना.
पाना निसटतो, लिव्हर निसटतो,
निघाली तेवढी हवा परत आत.

स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभा आहे.
चौतीस वर्षं मिस्त्री होता.
आता त्याची कॉफी कपात कमी, बशीत जास्त.
मार्चमध्ये ह्याच गाडीची किल्ली
मी त्याच्या मुठीतून काढून घेतली,
तेव्हापासून बोलत नाही.

पायाने स्टूल ढकलत येतो. बसतो.
बोटं एकेक करून लिव्हरवर ठेवतो,
मोजल्यासारखी.

"धरला."

सहा महिन्यांतला पहिला शब्द.
मी पाना पाव फेरा फिरवते.
नळीतून उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं तेल,
त्यात बुडबुडे, मोहरीएवढे,
मग एक साबुदाण्याएवढा.
"बंद केला," मी म्हणते. "सोड."
"धरला."
"सोड."

नऊ वर्षांची होते तेव्हा हे उलट होतं.
मी बाटल्यांच्या क्रेटवर उभी, दोन्ही हात लिव्हरवर,
तो खाली चाकापाशी.
एकदा नाकावर माशी बसली आणि मी आधीच सोडला.
रागावला नाही. म्हणाला,
आधी बंद, मग सोड, लुस दारी,
नाहीतर बाहेर गेलेलं सगळं परत येतं.
मार्चमध्ये किल्ली ओढताना
मी तोंड बंद केलंच नव्हतं.

"डबी बघ," तो म्हणतो. "तळ दिसू देऊ नकोस."
मी घाईने ओतते, थेंब टाकीवर पडतो.
"रंग खाईल!" म्हणत तो
स्टुलाजवळचा गुळाच्या पाण्याचा पेला उचलून
गाडीवर रिकामा करतो.
अर्धा माझ्यावर.
कोण आधी हसलं ते सांगत नाही.

मग एकदा, पाना घट्ट करून,
कॅलिपरवर तळहात ठेवला होता,
तर पॅड डिस्कला टेकून बारीक टिकटिकत होते.
वाटलं, काहीतरी सैल राहिलं.
नाही. वरून त्याचा हात होता,
तेलातून खाली माझ्या हातापर्यंत येत होता.
तेल काही गिळत नाही.
हवा गिळते.

शेवटी नळीत स्वच्छ, फिक्कट, बुडबुड्यावाचून.
तरी लिव्हर किंचित मऊ.
"रात्रभर बांधून ठेव. उरलेली वर येईल आपोआप."
जुन्या ट्यूबची पट्टी कापली.
गाठ त्यालाच मारायची होती.
किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.
मोजलं. दोन्या फानीच्या रेडिओवर तीन गाणी, अख्खी.
मी हात खिशात ठेवले.

रात्री पाणी प्यायला उठले.
अंगणात चांदणं, गुळाला लागलेल्या मुंग्या,
आणि गाडी, कुठेही न जाता,
ब्रेक गच्च धरून उभी.

सकाळी पट्टी सोडली. लिव्हर दगडासारखा.
आधी अंगणात ढकलून पाहिली, मग गल्लीत,
चालीच्या वेगाने. थांबली.
पुन्हा. थांबली.
बाबा दारात.
वाटलं, आता किल्लीचं काढेल.

"ती नळी," तो म्हणाला,
"नीट धुऊन दे.
पोराचे मासे मरतील."